सुया आणि पात्रं

लिहिणं अडलं की मी सुया हातात घेते. कथेतली बाई दारात उभी आहे. आत यावं की परत फिरावं, तिचं ठरत नाही, माझंही. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर विणताना हात आपले आपण चालतात आणि मन तिच्यापाशी थांबून राहतं. तिचं पुढचं वाक्य मला पुष्कळदा तिथेच सापडतं.

डिकन्सची मादाम डफार्ज (‘अ टेल ऑफ टू सिटीज’, १८५९) शत्रूंची नावं विणकामात गुंफते. सूड आणि लोकर, केवढं धाडस लेखकाचं! पण मला जवळची वाटते व्हर्जिनिया वुल्फची मिसेस रॅम्झी. ‘टू द लाइटहाउस’मध्ये (१९२७) ती दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी मोजा विणते. माप म्हणून आपल्या मुलाच्या पायाला लावून बघते. तो चुळबुळतो, मोजा तोकडाच भरतो. घडतं एवढंच, पण तेवढ्यात तिच्या मनातलं केवढं तरी वाहून जातं. समीक्षक एरिख आउअरबाखने आपल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाला त्या तपकिरी मोज्याचंच नाव दिलं. क्षण किती ताणता येतो, हे मी तिथे शिकले.

कथाही विणायला लावते. माझ्या दारातल्या त्या बाईच्या अंगावरचा स्वेटर डोळ्यांसमोर येईना, म्हणून तो विणायलाच घेतला: राखाडी, काठाला कुसुंबी. बाही वाढत गेली तसं लक्षात आलं, ही तिच्या मापाची नाही. हा तिने कुणासाठी तरी विणलाय. कुणासाठी, ते उद्या लिहायचं.