वय आणि ओझे

छत्री म्हातारी केव्हा झाली हे सांगणे सोपे असते. काड्या मोडल्या, कापड विरले, की तिचे दिवस भरले. संगणकाचे तसे नाही. त्याची काया धडधाकट असते, आणि तरी एके दिवशी बाजार त्याला सक्तीने पेन्शनीत काढतो.

आमच्या घरचा संगणक २०१२ सालचा. रॅम अवघी २ जीबी. त्यावर माझे वडील, वय वर्षे ब्याऐंशी, टपालखात्यातल्या नोकरीच्या आठवणी लिहितात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'ची नेहमीची मोफत देखभाल संपली. 'विंडोज ११'ला निदान ४ जीबी रॅम हवी, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही हवी. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, वय झालं याचं. भंगारात द्या." नाना शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीला मात्र हा निकाल पटला नाही. "सर, यंत्र थकलेलं नाही, त्याच्या पाठीवरचं ओझं वाढलंय," असे म्हणून तिने पेनड्राइव्हवर 'पपी लिनक्स' आणून दिले.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली रचला. तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी मुभा असल्यामुळे जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या मापाने त्याचे अंगरखे बेतले. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ साली पपी काढले, आणि नाव दिले आपल्या चिमुकल्या कुत्र्यावरून! त्याच्या कित्येक आवृत्त्या ५०० एमबीच्या आत मावतात. सगळा संसार रॅममध्येच थाटत असल्यामुळे मंद हार्ड डिस्कला वारंवार हाक मारावी लागत नाही. म्हणून यंत्र चपळ वाटते. 'टायनी कोअर' तर सुमारे २५ एमबीचे. मोबाइलवरच्या मोजक्या छायाचित्रांएवढे!

यात जादू नाही, हेही सांगितले पाहिजे. विंडोजचे प्रोग्राम यावर जसेच्या तसे चालत नाहीत. देवनागरी फॉन्ट आम्हाला निराळा बसवावा लागला. आणि इंटरनेटची दहा पाने एकदम उघडली, की यंत्र पूर्वीसारखेच धापा टाकते. कारण आता ती पानेच लठ्ठ झाली आहेत.

ही सारी यादी मी नानांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "त्याला काय येत नाही ते तू सांगतोस. मला हवं तेवढं त्याला येतं ना?"

मी निरुत्तर झालो. एखाद्याची उपयुक्तता आपण दुसऱ्याच कुणाच्या गरजांनी मोजतो, आणि मग त्याला निकामी ठरवतो. हे केवळ यंत्रांच्याच बाबतीत घडते, असे मला वाटत नाही.

सध्या नानांचे चौथे प्रकरण चालू आहे. १९७२ चा दुष्काळ, आणि मुंबईहून गावाकडे येणाऱ्या मनीऑर्डरींची वाट पाहणारी माणसे. ते सांगून पुरे होईपर्यंत दोघांनीही टिकावे, एवढेच माझे मागणे आहे.