दहा जणांतला एक

मुलगा परदेशी गेला की आमच्या मोहल्ल्यात पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा व्हिसाचा. तो तिथे नेमके काय काम करतो, हे फारसे कुणी विचारत नाही. आखाती देशात गेलेला कुणी ट्रेलर चालवतो, कुणी हॉटेलात भांडी घासतो. घरी पैसे आले, बहिणीचे लग्न पार पडले, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला की कामाचे नाव मागे पडते. आमच्या मामूंच्या घरी मात्र उलटे झाले. तिथे पगार कुणी विचारला नाही. सगळ्यांनी कामच विचारले.

मामूंचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा मामेभाऊ, 2019 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात गेला. त्याची बायको मूळ हैदराबादकडच्या घराण्यातली, पण तिकडेच वाढलेली आणि तिकडचीच नागरिक. त्यामुळे त्याला ग्रीन कार्ड मिळाले. सोलापुरात तो एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी बनवायचा, गाड्या लावायचा, ड्रायव्हरांचा हिशेब बघायचा. तिकडे सुरुवातीला कुरिअरच्या गोदामात राबला आणि 2022 मध्ये एका वितरक कंपनीत माल रवाना करणाऱ्या विभागाचा सुपरवायझर झाला. माल कसला? तर गांजाचा.

तिथे हा धंदा चोरीछुपे चालत नाही. त्या राज्यात 1996 साली लोकांनी मतदान करून आजाऱ्यांसाठी गांजाला मुभा दिली. 2016 च्या नोव्हेंबरात पुन्हा मतदान झाले आणि 21 वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही तो घेता येईल असे ठरले. 1 जानेवारी 2018 पासून परवाना असलेल्या दुकानांतून उघड विक्री सुरू झाली. मात्र पिकवणाऱ्याचा माल परस्पर दुकानात जात नाही. मध्ये वितरणाचा परवाना लागतोच. आमच्या भावाचे काम या मधल्या जागेचे होते.

हे काम काय असते ते त्याने आम्हाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितले. शेतातून आलेल्या मालाचा एक लॉट जास्तीत जास्त 50 पौंडांचा, म्हणजे सुमारे 22.7 किलोचा. तो गोदामात वेगळा ठेवायचा. प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेतो. कीटकनाशके, जड धातू, बुरशी, ओलावा, नशेच्या घटकाचे प्रमाण, सगळे तपासले जाते. तपासणीत नापास झालेला लॉट तसाच दुकानात जाऊ शकत नाही. प्रत्येक पाकिटाला सरकारी नंबराची चिठ्ठी असते आणि तो नंबर राज्याच्या संगणकावर चढवलेला असतो. गाडी निघण्याआधी कुठल्या दुकानाला, कुठल्या गाडीतून, कोण ड्रायव्हर, किती वजन, हे सगळे त्या संगणकावर भरावे लागते. त्या कागदाला तिकडे मॅनिफेस्ट म्हणतात.

तो म्हणाला, "आपा, अपनी बिल्टीच समझो. बस, यहाँ बिल्टी पहले सरकार के पास जाती, फिर गाडी हिलती."

गाडीला अलार्म हवा. माल कुलूपबंद पेटीत आणि बाहेरून न दिसेल असा हवा. 21 वर्षांखालचा कुणी त्या गाडीत बसता कामा नये. वस्तीत गाडी रात्रभर उभी करायची नाही. त्याच्या कंपनीकडे घरपोच विक्रीचाही वेगळा परवाना होता. त्या विक्रीला सकाळी 6 ते रात्री 10 एवढीच वेळ. दारात गिऱ्हाइकाचे ओळखपत्र बघितल्याशिवाय पाकीट हातात द्यायचे नाही. एका माणसाला एका दिवसात साडेअठ्ठावीस ग्रॅमच्या वर फूल विकायचे नाही. आमचा भाऊ पडद्यावर सगळ्या गाड्या बघत बसायचा. एखादी गाडी नको तिथे थांबली की ड्रायव्हरला फोन. परत आलेले पाकीट पुन्हा नोंदवायचे. गोदामातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण 90 दिवस जपून ठेवायचे. मोठ्या कार्ड कंपन्या या धंद्यापासून दूर राहतात, म्हणून रात्री रोकड मोजायची. एक पाकीट कमी भरले तर ते सापडेपर्यंत घरी जायचे नाही.

असा कारभार आपल्या उपखंडाला नवा नाही. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये गांजा-भांगेच्या चौकशीसाठी मोठा आयोग नेमला होता. त्याने सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा, असा कौल दिला. बंगालमधील नौगाव हा गांजाच्या शेतीचा प्रसिद्ध भाग, आज तो बांगलादेशात आहे. तिथे 1917 मध्ये गांजा पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. त्या शेतकऱ्यांत मुसलमानांची संख्या मोठी होती. सरकारी देखरेखीखालचे गोदाम, मोहोरबंद माल, वाहतुकीचा पास, हे सगळे तिथे होते. संस्थेच्या पैशातून शाळा, दवाखाने, मशिदी आणि मंदिरेही उभी राहिली. म्हणजे गांजाचा पैसा कधीकाळी आपल्याच लोकांच्या हातांतून मशिदीच्या बांधकामापर्यंत गेला होता. हे वाचून कुणाला राग येईल, पण इतिहास असा आहे.

मामूंना हा इतिहास सांगून उपयोग नव्हता. मामूंनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात काम केले. जुम्म्याला सुट्टी मिळत नसे, म्हणून आठवड्याची सुट्टी बदलून घेतलेला हा माणूस. मुलाचे काम कळले त्या दिवसापासून त्यांनी त्याच्या पैशाला हात लावला नाही. आलेली रक्कम बँकेतून काढून ते पाकिटात घालत, वर तारीख लिहीत आणि कपाटात ठेवत. 2025 च्या जानेवारीत धाकट्या बहिणीचा निकाह झाला. त्यासाठी मामूंनी सोसायटीचे कर्ज काढले, पण पाकिटे उघडली नाहीत.

भाऊ आम्हाला म्हणाला, "आपा, अब्बू को समझाओ. मैं चोरी नहीं करता. एक-एक ग्राम का हिसाब है."

आम्ही बी.एड. झालेले, मोहल्ल्यातल्या लेखी चार बुकं शिकलेले, म्हणून हे समजावण्याचे काम आमच्याकडे आले. पण काय समजावणार? हिशेब चोख असणे आणि कमाई हलाल असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे भावालाही ठाऊक होते. तो औषधाचा मुद्दा मांडायचा. तो अगदीच खोटा नाही. गांजाच्या झाडातील एका नशा न आणणाऱ्या घटकापासून बनवलेल्या औषधाला, मुलांच्या अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी, अमेरिकेच्या औषध खात्याने 2018 मध्ये मान्यता दिली. मात्र त्याच्या गाड्यांतून जाणारा सगळाच माल आजाऱ्यांकडे जात नव्हता, हे तोही कबूल करायचा.

मामूंनी मशिदीच्या मौलानांना विचारले. मौलानांनी शराबविषयीच्या त्या प्रसिद्ध हदीसचा दाखला दिला, ज्यात लानत झालेल्या दहा जणांची गणती आहे. नशेची चीज म्हणून गांजालाही तोच हुकूम, असे ते म्हणाले. वाहून नेणारा त्या दहांत आहे. मामू घरी आले ते एवढेच घेऊन, वाहून नेणारा त्यात आहे.

आम्ही त्या रात्री दहाही नावे कागदावर लिहून काढली. रस काढणारा, रस काढवून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली जाते तो, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, विकत घेणारा, ज्याच्यासाठी घेतली जाते तो. आम्ही आलिमा नाही, शाळेत शिकवणारी बाई आहोत. दीनच्या बाबतीत निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण यादी वाचता तर कुणालाही येते. यादीत दहा जण आहेत आणि आमच्या घरात चर्चा एकाचीच चालली होती. परवान्याचा मालक, त्यात भांडवल घालणारा आणि विक्रीवर कर घेणारे राज्य यांच्याविषयी कुणी काही बोलत नव्हते.

अमेरिकेच्या कायद्यातही आम्हाला तेच दिसले. राज्याने परवाना दिला असला तरी तिथल्या केंद्र सरकारने 1970 च्या कायद्याने गांजाला सर्वांत कडक यादीत घातले होते. त्याला खालच्या यादीत आणण्याची हालचाल 2024 मध्ये सुरू झाली. पण यादी बदलली म्हणून आमच्या भावाचे संकट टळणार नव्हते. नागरिकत्व देणाऱ्या केंद्रीय खात्याने 2019 च्या एप्रिलमध्ये स्पष्ट केले होते की राज्याने मुभा दिली असली, तरी गांजाच्या धंद्यातील काम केंद्राच्या कायद्याविरुद्ध धरले जाईल आणि अर्जदाराच्या सच्चारित्र्याला बाध आणू शकेल.

भाऊ 2024 मध्ये नागरिकत्वाच्या अर्जासाठी वकिलाकडे गेला तेव्हा त्याला हे कळले. वकिलाने सांगितले, अर्ज आता करू नका, आधी नोकरी सोडा आणि काही वर्षे जाऊ द्या. आणखी एक सांगितले, देशाबाहेर जाऊ नका. परत येताना विमानतळावर कामाविषयी विचारले आणि तुम्ही खरे सांगितले, तर आत घेतीलच याची खात्री नाही.

ज्याच्या नावावर परवाना होता तो मालक जन्माने तिथला नागरिक. त्याला ही भीती नाही. राज्याला तर करच मिळतो. ज्याने बिल्टी भरली आणि गाडी रवाना केली, तो मात्र बहिणीच्या निकाहला येऊ शकला नाही. मुमानींनी मोबाइल समोर धरला होता. त्यात तो टोपी घालून बसला होता. तिकडे रात्रीचे दोन वाजले होते. 2025 च्या उन्हाळ्यात त्याने ती नोकरी सोडली आणि कमी पगारावर पुन्हा कुरिअरच्या गोदामात गेला. सोडलेल्या नोकरीची वर्षे मात्र त्याच्या कागदांवर राहिली.

आता आपल्याकडे या. आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा टेम्पोवर ड्रायव्हर होता. भाड्याने मिळालेल्या फेरीत त्याच्या टेम्पोत 24 किलो गांजा सापडला. आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात झाडाच्या नुसत्या पानाला, म्हणजे भांगेला, गांजात धरलेले नाही. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने चालतात. गांजा मात्र 20 किलोच्या वर गेला की तो व्यापारी प्रमाणात मोडतो. शिक्षा 10 ते 20 वर्षे आणि किमान एक लाखाचा दंड. जामीन फार कठीण. "मला ठाऊक नव्हते" म्हणणे पुरेसे नाही, ठाऊक नव्हते हे आरोपीलाच सिद्ध करावे लागते.

तो मुलगा दोन वर्षांहून जास्त काळ कच्चा कैदी म्हणून तुरुंगात आहे. माल कुणाचा, कुणाकडे चालला होता, पैसे कुणी गुंतवले होते, यातल्या एकाचेही नाव आरोपपत्रात नाही. आमच्या भावाच्या गोदामात जो एक पूर्ण लॉट, तेवढाच साधारण या मुलाच्या टेम्पोत होता. तिकडे त्या वजनाला नंबर मिळतो, पावती मिळते. इकडे त्याच वजनाने एका घरचा कमावता मुलगा गेला. दोन्हीकडे झळ लागली ती वाहणाऱ्याला.

याचा अर्थ वाहणारा निर्दोष असतो, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या भावाने डोळे उघडे ठेवून ते काम घेतले होते. मामूंनी पैसे नाकारले यात त्यांचा अहंकार नव्हता, ती त्यांची आयुष्यभराची शिस्त होती, आणि आम्हाला तिचा आदर वाटतो. आमचे म्हणणे एवढेच की दहांची यादी हाती घेतली तर ती दहाही नावांपर्यंत वाचावी. मोहल्ल्यात एखादा पोरगा पकडला गेला की आपण त्याच्या आईकडे जाणे बंद करतो. ज्याच्या पैशावर तो माल फिरतो तो मात्र वलीम्याला पहिल्या पंगतीत जेवतो, आणि तिथे कुणाला दहाची गणती आठवत नाही.

आमच्या वर्गातली पुष्कळ मुले दहावीनंतर डिलिव्हरीच्या कामाला लागतात. पार्सल घ्यायचे, पत्ता बघायचा, पोहोचवायचे. मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही त्यांना आता हे सांगतो की ज्या पिशवीवर कंपनीची पावती नाही, पाठवणाऱ्याचे नाव नाही आणि भाडे नेहमीपेक्षा दुप्पट आहे, ती पिशवी उचलू नका. आत काय आहे हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर मिळाले नाही तर तेच उत्तर समजा.

आणि मोठ्यांना आमची एक दरख्वास्त आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईला हे दोन वर्षे कुणी सांगितले नव्हते. तो अर्ज आम्ही शाळा सुटल्यावर तिच्यासोबत बसून मराठीत लिहिला. सही करायला तिला उर्दू येते, तिने उर्दूत केली. प्रत्येक जमातीत असे अर्ज लिहून देणारे दोन-चार शिकलेले लोक असतात. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी काढली, तर ती एकट्या आमच्यावर राहणार नाही.

मामूंच्या कपाटातली पाकिटे अजून तशीच आहेत. या पैशाचे काय करावे, हे त्यांनी आम्हाला विचारले आहे. त्या मुलाच्या खटल्याला ते लावता येतील का, हे आता आम्हाला मौलानांना विचारायचे आहे.