भोगीच्या ताटातली पेरणी

मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, मराठवाड्यातल्या ताटात दोन हंगाम शेजारी येऊन बसतात. तीळ लावलेली बाजरीची भाकरी खरिपाची. हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, गाजर आणि वांगी एकत्र करून केलेली भाजी हिवाळ्याची. बाजरी मृगाच्या पावसानंतर पेरलेली आणि ऐंशी-नव्वद दिवसांत काढणीला आलेली. भोगीपर्यंत ती घरात तीन महिने राहिलेली असते. तीळही तिच्याच बरोबरीचे. हरभरा मात्र ऑक्टोबरात पेरलेला आणि अजून वावरात उभा. छत्रपती संभाजीनगरच्या शाळेत शेती शिकवायची असेल, तर सुरुवात या ताटापासून करावी.

एरवी खरीप, रब्बी, उन्हाळी असा तक्ता पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. ताटावरून शिकवताना दिवस उलटे मोजायचे असतात. आज काय खाल्लं, ते पीक किती दिवसांचं, म्हणजे पेरणी कधीची, तेव्हा ओल कुठल्या पावसाची होती. शहराच्या सिडको भागातल्या मुलाने नांगर पाहिलेला नसतो, पण औरंगपुऱ्याच्या मंडईत घाटे कधी येतात आणि कधी संपतात, एवढं त्याला वहीत टिपून ठेवता येतं.

बाजरीपाशी जरा जास्त थांबावं. तिच्या दाण्यात स्निग्धांश साधारण पाच टक्के, म्हणून पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. दाणा मात्र टिकतो. घरात बाजरी थोडी थोडी दळून आणतात, त्यामागे हे कारण आहे. ‘बाजरी उष्ण’ हे घरोघर ऐकू येतं, पण ती उष्णता मोजायची कशी, ते कोणी सांगत नाही. लोह मोजता येतं. पैठण रस्त्यावरच्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाच्या केंद्रात तयार झालेला ‘एएचबी १२००’ हा संकरित वाण २०१७ मध्ये प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यात ७३ मिलिग्रॅम लोह असतं. नेहमीच्या वाणांत ४५ ते ५०. शहराच्या वेशीवर घडलेली ही गोष्ट शहरातल्या वर्गांत सांगितली जात नाही, हे काही बरं नव्हे. आणि एक कटू बाबही सांगायला हवी. जिल्ह्यात बाजरीचं वावर कपाशीने आणि मक्याने घेतलं, कन्नड-सिल्लोडकडे मक्याने विशेष. भोगीची बाजरी आता गावातही बरेचदा किराणा दुकानातून येते. ही बाब लपवून परंपरेचं कौतुक केलं, तर धडा खोटा पडतो.

हुरड्याचा हिशेबही असाच. रब्बी ज्वारीची, म्हणजे शाळूची, पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्यापुढे नव्वदेक दिवसांनी दाणा दुधाळ अवस्था ओलांडून मऊ होतो, पण त्यातल्या साखरेचं पिष्ट अजून पुरतं झालेलं नसतं. हा गोडवा जेमतेम आठवडाभर टिकतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजून तळहातावर चोळलं की दाणे सुटतात. गुळभेंडीचे चटकन सुटतात, म्हणून हुरड्याला तिचा मान. भाकरीची मालदांडी वेगळी. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी वसंत’ हा खास हुरड्याचाच वाण दिला आहे. पोरांना बजावायची गोष्ट दुसरीच: याच ज्वारीच्या कोवळ्या धांड्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि ती खाऊन जनावर दगावतं. पीक तेच, फरक वयाचा. शहराभोवती हुरडा पार्ट्यांची तिकिटं निघतात, मुलं दही-चटणीशी हुरडा खाऊन परततात. पेरणी कधीची, हे त्यांना कोणी विचारत नाही.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणून त्या भाजीत परसातलं अळू, भेंडी, अंबाडी, काकडी. ट्रॅक्टरने नांगरलेलं चालेल का, हा प्रश्न वर्गात आल्यावाचून राहत नाही, आणि तो दडपू नये. शेतीतल्या शक्तीचा इतिहास त्यातूनच उलगडतो. उपवासाचं ताट त्याहून मिश्कील आहे. शेंगदाणा, बटाटा, मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातली. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमचा. जुनी म्हणावी अशी त्यात एक भगर.

सगळेच सण पिकाशी सारख्याच नेमाने बांधलेले नाहीत. संक्रांत सूर्याची, त्यामुळे भोगीला हरभरा दरवर्षी जवळपास त्याच अवस्थेत सापडतो. बाकीचे बहुतेक सण चंद्राचे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा दिवसांनी लहान, ती तूट तिसऱ्या वर्षी येणारा अधिक महिना भरून काढतो. तोवर सण मागेपुढे सरकतात.

घटस्थापनेत हे सरकणं लख्ख दिसतं. पत्रावळीवर वावरी, म्हणजे शेतातली माती, पसरून त्यात धान्य टाकायचं, नऊ दिवस पाणी शिंपडायचं, दसऱ्याला तुरे टोपीत खोवायचे. देवघरात उजेड कमी, म्हणून हरितद्रव्य तयार होत नाही आणि अंकुर पिवळे पडतात. घट म्हणजेच बियाण्याची परीक्षा, असं हल्ली सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं: धान्य मिसळलेलं आणि न मोजलेलं असेल, तर त्यावरून काही ठरत नाही. शेजारी ओल्या गोणपाटावर शाळूचे शंभर दाणे मोजून मांडावेत. प्रमाणित बियाण्याला किमान पंचाहत्तर उगवले पाहिजेत. हरभऱ्याला पंच्याऐंशी.

ही परीक्षा पेरणीच्या उपयोगी पडेल का, ते मात्र पंचांगावर अवलंबून. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. निकाल हाती आल्यावरही पेरणीला पुरेसा अवधी होता. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती थेट १५ ऑक्टोबरला आली, म्हणजे शाळूच्या पेरणीच्या शेवटच्या दिवशी. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने घट ११ ऑक्टोबरला बसतात. त्या वर्षी वर्गातलं गोणपाट सप्टेंबरातच भिजवावं लागेल.