वस्तादांची उधारी

उद्यमनगरातल्या वस्तादांना मी शिकवणीचा एक पैसाही दिलेला नाही. बिल दिलं बाबांनी, तेही वायरीच्या एका तुकड्याचं.

बाबांनी जुनी मारुती झेन घेतली होती. आधीच्या मालकानं तिला बाहेरून सेंट्रल लॉकिंग बसवून घेतलेलं. कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला आणि लॉकच्या लहरी सुरू झाल्या. किल्ली फिरवली की कधी चारही दारं लागत, कधी फक्त ड्रायव्हरचं. उघडताना मात्र काही कुरकूर नाही. एका दुकानात गाडीला हात न लावताच ‘बॉक्स गेलाय, नवा घाला’ म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं आम्हाला शेजारी चहाला पिटाळलं. डॅशबोर्ड उघडताना गिऱ्हाईक जवळ नको, ही मिस्त्रींची जुनी रीत. त्यांचंही खरंच आहे, पोटाची विद्या उघड्यावर कोण मांडेल?

मग वस्तादांकडे गेलो. त्यांनी बॅटरीच माझ्या हातात दिली. मी तेव्हा पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. “डिप्लोमा करतीस न्हवं? मग डबी कुठं हाय सांग.”

वाकून बघितलं तर नुसता वायरींचा गुंता. कंपनीनं बसवलेलं युनिट ठरल्या जागी असतं. बाहेरून बसवलेली डबी फिटरचा हात पोचला तिथं. “डोळं ऱ्हाऊ देत, कान लाव,” म्हणत ते ड्रायव्हरच्या दाराचं लॉक वरखाली करत राहिले. उघडताना दर वेळी स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, वरच्या बाजूनं ‘टिक्’ व्हायचं. मग दाराच्या कडेच्या रबरी नळीतून खांबात शिरणारी वायर धरून, पायाजवळचं प्लॅस्टिकचं झाकण काढून वर वर गेलो. साबणाच्या डबीएवढा काळा बॉक्स कंपनीच्या वायरिंगला टाय मारून लटकवलेला होता.

मग त्यांनी त्यातून येणाऱ्या वायरी मोजायला लावल्या. तीन दारांच्या मोटरींना दोनच वायरी, निळी आणि हिरवी. डबी त्यांना क्षणभर 12 व्होल्ट देते. एकीकडून दिले की दांडी खाली, उलटे दिले की वर. आत दोन रिले, एरवी दोन्ही वायरी अर्थला. मोटर उलटी फिरवायचं सर्किट मी वर्गात फळ्यावरून उतरवलं होतं. ते इथं टिकटिकत होतं. ड्रायव्हरच्या दाराला मात्र पाच वायरी. जादाच्या तीन, पांढरी, चॉकलेटी आणि काळी, मोटरीजवळच्या बारक्या स्विचच्या. लॉक कुठल्या बाजूला गेलं, ते त्या डबीला कळवतात.

वस्तादांनी डबीच्या तोंडाशीच पांढरी काळीला टेकवली. खाट! चारही दारं लागली. चॉकलेटी टेकवली, उघडली. “डबी शाबूत हाय. हुकूमच पोचंना, ती तरी काय करंल?”

आता रबरी नळी मागं सरकवली. पांढरी वायर वरून धडधाकट. त्यांनी ती दोन बोटांत धरून माझ्याकडून हलकेच ओढवली, आणि ती ताणली गेली. तांबं शाबूत असेल तर वायर ताणली जात नाही. दार उघडझाप करून करून आतलं तांबं तुटलं होतं, वरची कातडी तेवढी राहिली होती. त्यांनी बारीक तारांची मऊ वायर घातली आणि सोल्डरचे जोड नळीत न ठेवता दोन्ही बाजूंना, वाक नसलेल्या जागी नेले. नवा बॉक्स गळ्यात मारला असता तरी आम्ही मुकाट पैसे दिले असते.

पुढं सुट्टीत मी तिथं जाऊन बसू लागले. पिंपरीत 1995 पासून बनलेल्या डब्ल्यू-124 मर्सिडीजची गोष्ट तिथलीच. त्या गाडीची दारं वायरीनं नाही, हवेनं लागतात. मागच्या सीटखालचा पंप हवा ओढून लावतो, ढकलून उघडतो. पंप जास्त वेळ घरघरला की नळी कुठंतरी गळतेय. “तितं बी कानच,” वस्ताद म्हणत.

आज मी चाकणला दारांच्या वायरिंगचंच काम करते. नव्या गाड्यांत ती डबी उरलेली नाही. लॉक, इंडिकेटर, वायपर सगळं बॉडी कंट्रोल मॉड्यूल बघतं आणि बिघाड लॅपटॉपवर दिसतो. पण वायर अजून दाराच्या रबरातूनच जाते. चाचणीत दार हजारो वेळा उघडझाप होतं, मीटर ‘ठीक’ म्हणतो, तरी मी एकेक वायर ओढून बघते. पोरं हसतात.

दिवाळीत एक नमुना वस्तादांना नेऊन दाखवला. त्यांनी तो कानाशी नेला नाही, नुसता वाकवला. “वायर तंग हाय. जरा ढील ठेवा.” चाकणला येऊन ड्रॉइंग बदललं, ‘बदलाचं कारण’ या रकान्यात काय लिहायचं, यावरून मात्र माझं आणि क्वालिटीवाल्यांचं बराच वेळ वाजलं.