रेषेची भाकर

संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' या ग्रंथात विनोदाला स्थान असेल, असे सहसा कुणाला वाटत नाही. तथापि सेमिनरीत त्या ग्रंथाचे अध्ययन करताना आम्हांस आढळले की, तेराव्या शतकातील या गंभीर पंडिताने खेळकरपणाची गणना सद्गुणांत केली आहे. जो स्वतः हसत नाही आणि इतरांच्या हसण्यातही विघ्न आणतो, त्याला तर त्यांनी दोषी ठरविले आहे. थकलेल्या शरीराला जशी विश्रांती हवी, तशी थकलेल्या मनाला करमणूक हवी, असा त्यांचा युक्तिवाद. विनोद अश्लील वा घातक असू नये आणि तो काळवेळ पाहून करावा, एवढीच अट त्यांनी घातली.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आमच्यापुढे वारंवार येणारा एक प्रश्न. दहावीचा निकाल लागला की एखादे आईवडील मुलाला किंवा मुलीला घेऊन येतात. वह्यांची मागची पाने चित्रांनी भरलेली असतात; त्यांत शिक्षक असतात, शेजारी असतात, क्वचित आम्हीही असतो. "फादर, चित्रं काढून पोट भरतं का? तुम्हीच समजवा याला," असे वडील म्हणतात. वडिलांची भीती निराधार नसते. वसईतील आमच्या समाजाने वाडीतली भाजी आणि फुले पहाटेच्या गाडीने मुंबईस नेऊन मुलांना शिकविले. पुढची पिढी शाळेत, बँकेत, कचेरीत स्थिरावली. महिन्याच्या ठरल्या तारखेस येणारा पगार ही आपल्या घरांना फार कष्टाने लाभलेली गोष्ट आहे. ती सोडून कुणी रेषेच्या भरवशावर जगू म्हणाले, तर आईच्या पोटात गोळा यायचाच.

अशा वेळी आम्ही मारियो मिरांडा यांची गोष्ट सांगतो. त्यांचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. ज्या उत्तर प्रांताची वसई ही एके काळी राजधानी होती, त्याच प्रांतातले हे दमण. वसई १७३९ साली पोर्तुगीजांच्या हातून गेली, दमण मात्र १९६१ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. मारियोंचे मूळ घर गोव्यातील लोटली गावचे. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रे काढी. आईने काय करावे? तिने त्याला कोरी वही आणून दिली. आमच्या मते मारियोंच्या कलाजीवनातली पहिली आणि सर्वांत मोठी शिष्यवृत्ती ती हीच. त्या वह्यांतून चित्रमय दैनंदिनी लिहिण्याची सवय जडली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांतून त्या काळचे गोव्यातील घर, गल्ली, लग्न, मयत, चर्चबाहेरच्या गप्पा असे सारे आपल्याला भेटते.

शाळेत असताना धर्मगुरूंची व्यंगचित्रे काढल्यामुळे मारियो अडचणीतही आले होते. आम्ही हे वाचले तेव्हा हसू आले. प्रवचन लांबले की पुढच्या बाकावर काय चालत असेल, हे कोणता धर्मगुरू जाणत नाही? मारियोंचे पाद्री पोटाने गोल असतात आणि नाकाने लांब असतात. पण त्यांच्याकडे पाहून कुणाची श्रद्धा उणी होत नाही. ज्यांच्यावर आपण प्रेम करतो त्यांनाच असे न दुखविता हसता येते. अक्वायनस यांची अट ती हीच.

चित्रकलेचे रीतसर शिक्षण मारियोंनी घेतले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास विषय घेऊन ते पदवीधर झाले. काही काळ जाहिरात संस्थेत काम केले. 'करंट', 'इलस्ट्रेटेड वीकली', 'टाइम्स ऑफ इंडिया' अशा नियतकालिकांतून त्यांची चित्रे येऊ लागली. हाती काम असताना ते सोडून १९५९ साली गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते पोर्तुगालला गेले आणि तेथून लंडनला जाऊन काही वर्षे राहिले. परतल्यावर पुन्हा मुंबईच्या वृत्तपत्रांत मिस निंबूपानी, मिस फोन्सेका, पुढारी बंडलदास, कारकून गोडबोले ही मंडळी अवतरली. सोबत पुस्तकांची चित्रे होतीच; मनोहर माळगावकरांच्या 'इनसाइड गोवा' या पुस्तकातली चित्रे त्यांचीच. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची गर्दी आजही हसते आहे. भिंतीवर रेघोट्या मारणाऱ्या मुलाला मोठेपणी भिंती मिळाल्या, आणि त्याही सन्मानाने! १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण, आणि ११ डिसेंबर २०११ रोजी लोटली येथे निधन झाल्यावर २०१२ मध्ये पद्मविभूषण असे गौरव त्यांना लाभले.

या जीवनक्रमाकडे पाहिले म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, पण ते सोपे नाही. पोट भरते, मात्र एका चुलीवर नव्हे. वृत्तपत्र, जाहिरात, पुस्तक, भिंत अशा चार ठिकाणी हात चालता ठेवावा लागतो. रोज काढण्याची शिस्त लागते आणि दुसरे शिक्षणही वाया जात नाही.

मारियोंच्या चित्रांना आणखी एक वाट फुटली. वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी ती चित्रे गोळा करून ग्रंथरूपाने छापली, पर्वरीजवळ तोर्डा येथे मारियो गॅलरी उभारली, आणि मग ही चित्रे कपांवर, फरशांवर, पिशव्यांवर, टी-शर्टांवर उतरली. गोव्याहून परतणारा प्रवासी आज ती अंगावर घालून फिरतो. काहींना यात कलेचे अवमूल्यन वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. अंगावर चित्र वागविणे आपल्याला नवे आहे काय? पहिल्या कम्युनियनच्या दिवशी गळ्यात पडलेले मेडल आणि स्कॅप्युलर ही चित्रेच होत, आणि ती आपण छातीशी धरतो. आमच्या आज्यांचे लाल चौकड्यांचे लुगडेही न बोलता सांगत असे की, ही बाई कोणत्या समाजाची. अंगावरचे चित्र हे माणसाने आपल्याविषयी दिलेले निवेदन असते. म्हणूनच ते कुणी काढले आणि त्याला काय मिळाले, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

येथे आपल्या धर्मग्रामांपुढे एक अप्रिय गोष्ट मांडणे आम्हांस भाग आहे. सणाच्या दिवशी युवक मंडळ एकसारखे टी-शर्ट छापून घेते. कापडवाल्याचे पैसे रोख, छपाईवाल्याचे पैसे रोख; ज्या मुलीने रात्र जागून चित्र काढले तिला मात्र "देवाचं काम आहे" एवढेच मिळते. नाताळच्या गोठ्याची पार्श्वभूमी, स्मरणिकेचे मुखपृष्ठ यांचीही कथा तीच. दान हे देणाऱ्याने स्वखुशीने द्यायचे असते. मागणाऱ्याने गृहीत धरले तर ते दान राहत नाही. १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा न्याय्य वेतनाचा आग्रह धरीत आली आहे, आणि संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली कलावंतांना उद्देशून खास पत्र लिहिले. पेन्सिल धरणारा हात या शिकवणुकीतून वगळलेला नाही.

कायदाही त्याच्या पाठीशी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढायचे असेल, तर ते किती वेळा, कशावर छापायचे आणि हक्क कुणाचा, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. ज्या घरात वाडीचा सातबारा जपून ठेवतात, त्या घराने मुलीच्या चित्रांचाही कागद जपावा. तीही मिळकतच आहे.

आणि मिळकत केवळ तिची नव्हे. लोटलीतील जुनी माणसे गेली, पण मारियोंच्या रेषेत ती भांडत, नाचत, प्रार्थना करीत उभी आहेत. आमच्याकडे विहिरीवरचे रहाट थांबले, केळीच्या वाड्यांच्या जागी इमारती आल्या, लाल लुगडे नेसणाऱ्या आज्या मोजक्याच उरल्या. त्यांचे चालणे, त्यांचे रागावणे, टोपली डोक्यावर घेताना होणारी मानेची ती लकब छायाचित्रात सारीच येते असे नाही. ती रेषेत येते. वहीच्या मागच्या पानांवर कदाचित हेच काम मुकाट्याने चालू असेल. तेव्हा पालकहो, ती पाने फाडू नका. पुढे मूल शिक्षक होवो वा कारकून होवो, किंवा धैर्य असेल तर चित्रकार होवो. आज त्याला एक कोरी वही आणून द्या. आणि उद्या त्याने आम्हां धर्मगुरूंचे नाक जरा लांब काढले, तर तेही चालेल. चित्राचे पैसे मात्र त्याला द्या.