यादीत तुमचं नाव असू द्या

मामा,

मामी फोनवर म्हणाली, तुम्ही यंदाच्या अतिवृष्टीच्या अनुदान यादीतली विशिष्ट क्रमांकाची चिठ्ठी पंचांगात घालून ठेवलीय आणि केवायसीला जायचं नावही काढत नाही. खरं का? उन्हाळ्यातच शेतकरी ओळख क्रमांक काढला असता तर यंदा ही केवायसीही टळली असती. किती वेळा सांगितलं होतं!

अडलंय कुठं, ते कळतं मला. आपल्या अंबड-घनसावंगीत मागच्या अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानात बोगस नावं घुसवून कोट्यवधी उचलले गेले, तलाठी निलंबित झाले. तेव्हापासून यादी म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी. पण मामा, चोरांनी यादी बाटवली म्हणून खऱ्या माणसानं नाव काढून घ्यायचं? मग तीत उरणार कोण?

आणि मिळतंय तरी काय फार? 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कोरडवाहूला हेक्टरी 18,500 हा आकडा गाजला. त्यातले 10,000 रब्बीच्या बी-खताचे, नुकसानीचे 8,500च. म्हणजे एकरी 3,400, तेही तीन हेक्टरपर्यंत. शेंगेतच कोंब फुटलेलं सोयाबीन काढायची मजुरी तरी सुटेल का त्यात? पीकविम्याचंही तसंच. एक रुपयात विमा होता तो गेला, 72 तासांत नुकसान कळवायची सोयही नेमकी याच वर्षी गेली. आता महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगात काय निघेल त्यावर सगळं. कमी देतात म्हणून भांडायचंच आहे ना? मग यादीत राहून भांडा.

माझ्या कॉलेजच्या फीसाठी मोसंबीच्या बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घेतली होतीत, आठवतं? तेव्हा नाही वाटला कमीपणा. हे अनुदान तर तुमच्या हक्काचं.

बागेचं मात्र मनातून जात नाही. 2012 च्या दुष्काळात टँकर विकत घेऊन जगवलीत ती मोसंबी, मामीच्या पाटल्या गेल्या त्यात. आता तीच झाडं पाण्यात उभी राहून सडू द्यायची? आधी ओळींमधून चर काढून पाणी बाहेर काढा. खोडावर डिंक दिसला तर तेवढी साल खरवडून बोर्डो मलम लावा: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडी घमेल्यात नको. झाड अशक्त वाटलं तर यंदा आंबे बहाराचा हट्ट सोडा. माझं नसेल ऐकायचं तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, त्यांचं तरी ऐकाल.

सोयाबीनचं बियाणं तुम्ही घरचंच धरणार, ते ठाऊक आहे. पण यंदाचं भिजलेलं आहे. मे महिन्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा. 70 उगवले तरच पेरा. दुबार पेरणीचा खर्च अंगावर येईल.

शनिवारी येतेय. आधार कार्ड, पासबुक आणि पंचांगातली ती चिठ्ठी काढून ठेवा. मशीनवर अंगठा उमटत नाही ही सबब चालणार नाही. हात धुऊन पुन्हा लावू, उमटेपर्यंत लावू. मला दोन दिवस सुट्टी आहे.

तुमची भाची