फिट, पेशी आणि काचेची नळी

आमच्या ताडकळसला कुणाला फिट आली की अजूनही कुणीतरी चप्पल हुंगवायला धावतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला हा त्रास आहे, म्हणून पुस्तकात नसलेला हा धडा घेतला.

फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींची वीज एकदम उसळणं. टॉर्चचा सेल १.५ व्होल्टचा, मज्जापेशीच्या पटलाच्या आत-बाहेर फरक असतो साधारण ७० मिलिव्होल्टचा. मोजायचा कसा? पेशी तर डोळ्यालाही दिसत नाही! हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यासाठी माकूळ घेतला, कोकणात खातात तोच. त्याचा एक मज्जातंतू अर्धा मिलिमीटर जाड असतो. १९३९ मध्ये त्यात त्यांनी बारीक इलेक्ट्रोड सरकवला.

१९७६ मध्ये जर्मनीत नेहर आणि साकमन यांनी काचेची नळी पटलाला नुसती टेकवली. टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढं! पुढे नळीतून हलकेच ओढ देऊन पटल घट्ट चिकटवू लागले, नळीला पिशवी चिकटते तसं. पटलातला एकच दरवाजा उघडला-मिटला तरी प्रवाह कळतो. १९९१ चं नोबेल दोघांना मिळालं.

फिटच्या काही गोळ्या यातलेच सोडियमचे दरवाजे आवरून धरतात.

एकाने विचारलं, "मग तिला हात लावला तर शॉक बसंल का?"

नाही बसत. तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही.